पांढऱ्या शेळीची मिशी

आमच्या घरात लाल पेन मिठाच्या बरणीशेजारी उभं असायचं. आईला या दोन्ही गोष्टी हाताशी लागत आणि दोन्हींत तिचा हात सारखाच सढळ आहे, असं पप्पा म्हणायचे. अर्थात ती भाकऱ्या थापत असताना, म्हणजे तिचे हात गुंतलेले असतानाच म्हणायचे. आई मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. चेंबूरच्या पुढे, देवनारच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची शाळा होती. वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि शिकवणं चालू ठेवायचं, अशी. तिथे दिवसभर चुका दुरुस्त करून तिचं समाधान होत नसे. घरी आली की चहाबरोबर ती वर्तमानपत्राला लागायची, मग औषधाच्या खोक्यावरच्या सूचनांना, मग शेजारच्यांनी दिलेल्या कॅलेंडरला. राशिभविष्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ तिला सोडवत नसे. लग्नपत्रिकांचं तर विचारूच नका. एकदा नात्यातल्या एका लग्नात तिने आहेराच्या पाकिटासोबत दुरुस्त केलेली पत्रिकाच नवरदेवाच्या वडिलांच्या हातात ठेवली. "धाकट्याच्या वेळी उपयोगी पडेल," ती म्हणाली. त्या घराशी आमचं जाणंयेणं नंतर थोडं कमी झालं.

घर घाटकोपर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. विमानं उतरायची वाट नेमकी आमच्या गच्चीवरून जायची, त्यामुळे आमच्याकडे वाक्यं दोन तुकड्यांत बोलली जात. घरघर सुरू झाली की बोलणारा तोंड तसंच उघडं ठेवून थांबे आणि विमान गेलं की राहिलेलं वाक्य पुरं करी. पाहुण्यांना ते विचित्र वाटे, आम्हाला त्यात काही वाटत नसे. फक्त आई थांबत नसे. ती आवाज चढवून विमानावरून बोलत राही, आणि विमानच हरल्यासारखं पुढे निघून जाई. पप्पा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. रविवारचा स्वयंपाक त्यांचा. जालन्याहून आत्या येसर पाठवायची, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याचं ते पीठ पाण्यात कालवून उकळायला ठेवलं की वास जिन्यात उतरे आणि खालची माणसं काही काम नसताना वर येऊन "आज काय केलंय?" असं विचारून जात. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पुढे मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, पण रविवार म्हटला की मला अजूनही तोच वास येतो.

पप्पांचीही एक तऱ्हा होती. त्यांना नुसतं दुखणं सांगून चालत नसे. लहानपणी मी "पोट दुखतंय" म्हटलं की ते समोर बसत आणि विचारत, "कधीपासून? काय खाल्ल्यावर? चालल्यावर वाढतं की बसल्यावर?"

"अहो, आपली मित्रा मुलगी आहे, बस नाही," आई म्हणायची.

"म्हणून तर विचारतोय. बस असती तर खोलून बघितली असती."

एकीकडे प्रत्येक चुकीला गोल करणारी आई, दुसरीकडे प्रत्येक बिघाडाची उलटतपासणी घेणारे पप्पा. पुढे मी प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम करू लागले तेव्हा लोक मला विचारत, या कामाचं शिक्षण कुठे घेतलंस? मी कॉलेजचं नाव सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

कॉलेज अंधेरीला होतं. मेट्रोच्या एका टोकाला मी, आणि दुसऱ्या टोकाच्याही पुढे, पाणी ओलांडून, ग्लेनिस. ती मढची. घरचे ख्रिस्ती कोळी, वडिलांची बोट. सकाळी फेरीबोटीने वर्सोव्याला येणार, तिथून मेट्रो पकडणार आणि पहिल्या तासाला धापा टाकत माझ्या शेजारी आदळणार. तिच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीमुळे आमच्या बाकामागची दोन बाकं नेहमी रिकामी असत, आणि आम्हाला त्याची अडचण नव्हती. आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकत होतो. तिला प्रोग्रामच्या आत शिरायला आवडायचं, मला तो कुठे मोडतो ते शोधायला. ही वाटणी आमच्यात कधी ठरली नाही, ती आपोआप झाली.

त्या वर्षी बंद पडणाऱ्या एका ऑफिसने आईच्या शाळेला जुने कॉम्प्युटर दिले, जाड पाठीचे, काचेच्या तोंडाचे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर इंग्रजी शाळा भरायची आणि तिलाही ते हवे होते. शेवटी असं ठरलं की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कॉम्प्युटर खाली, मराठी वर्गांकडे राहतील. सुट्टीआधी समितीच्या एक बाई येऊन बघतील. पोरं वापरत असतील तर कायमचे खाली, नसतील तर वर. आईने कधी बोलून दाखवलं नाही, पण ते कॉम्प्युटर तिला का हवे होते ते मला ठाऊक होतं. दर जूनमध्ये तिच्या वर्गातली पोरं कमी होत होती. वरच्या मजल्यावर गेलेली जिन्यात भेटली की "गुड मॉर्निंग टीचर" म्हणत. आई "नमस्कार" म्हणून पुढे जाई आणि त्या दिवशी घरी आल्यावर वर्तमानपत्राचं काही खरं नसे.

पोरांसाठी मी एक प्रोग्राम शोधला. त्याचं मूळ नाव परदेशी होतं, पोरं त्याला 'पाटी' म्हणू लागली. गोष्ट पडद्यावर येते, पोर एकेक शब्द वाचतं आणि बटण दाबून पुढे जातं, एवढंच. पाटी ओपन सोर्स होती. म्हणजे ती कुठल्या कंपनीची नव्हती. देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून, पदरमोड करून ती बनवत, आणि तिच्या आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येई. मराठी गोष्टी मात्र तिच्यात नव्हत्या. मग आईने एक लिहिली, 'पांढऱ्या शेळीची गोष्ट', आणि ग्लेनिसने एक, तिच्या वडिलांच्या बोटीची. मी दोन्ही टाईप केल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मोठ्या ऐटीत आईला खुर्चीवर बसवलं आणि शेळी उघडली.

पडद्यावर आलं: पांढर्या शेळीची गोष्ट.

हे ज्याला पटकन दिसलं नाही त्याच्यासाठी थोडं सांगते. आपला र पुढच्या अक्षराला जोडला जाताना कधी त्याच्या डोक्यावर बसतो, सूर्य किंवा कार्य यांतल्यासारखा, आणि कधी त्याला आडवा चिकटतो, पांढऱ्या, दुसऱ्या, बिऱ्हाड यांतल्यासारखा. व्याकरणात यांना काय म्हणतात ते सहा वर्षांच्या पोरांना सांगून उपयोग नसतो. आईच्या वर्गात पहिला होता टोपीवाला र आणि दुसरा मिशीवाला र. पोरं फळ्यावर जाऊन मिशी काढत तेव्हा स्वतःच्या ओठावरही बोट फिरवून घेत.

"कोणी केलं हे?" आईने विचारलं. तिच्या वर्गात हा प्रश्न आला की पोरं शेजारच्याकडे बोट दाखवतात. मी मॉनिटरकडे दाखवलं.

आईने टेबलावरचा लाल मार्कर उचलला आणि मॉनिटरच्या काचेवर, त्या टोपीभोवती, व्यवस्थित गोल काढला.

"आई, ती काच आहे."

"मला दिसतंय. हे सुधारेपर्यंत कुणी याला हात लावणार नाही."

"एवढ्याशा रेघेसाठी?"

"मित्रा, माझी पोरं आयुष्यात पहिल्यांदा वाचताहेत. पहिल्यांदा जे डोळ्यांत बसतं ते जन्मभर निघत नाही. मी चुकीचं बसवायचं होय?" आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन नीट बंद करायची एक पद्धत असते, पण ती सांगायची ती वेळ नव्हती.

पाटीत काही बिघाड सापडला की तो नोंदवायची इंटरनेटवर एक जागा होती. तिथे कुणीही बग, म्हणजे बिघाडाची नोंद, टाकावा, प्रत्येक बगाला नंबर मिळे, मग त्यावर सर्वांसमोर चर्चा होई आणि शेवटी तो सुधारून किंवा नाकारून बंद होई. मी त्याच दिवशी बग टाकला. इंग्रजीत, कारण तिथली भाषा ती होती: मराठी अक्षरं चुकीची येत आहेत, कृपया तातडीने दुरुस्त करा. आज माझ्यासमोर असा बग आला तर मी कपाळावर हात मारते. पाटीचा मुख्य माणूस मार्टिन नावाचा होता, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला. त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. गोष्टीच्या फाइलमध्ये र आहे, त्याचा पाय मोडलेला आहे, पुढे 'या' हे अक्षर आहे. नियमाप्रमाणे र डोक्यावर जायला हवा, तो गेलेला आहे. चूक नाही. खाली लखनौकडच्या कुणीतरी पुस्ती जोडली होती, हमारे यहाँ तो ठीक दिखता है. आणि बग बंद.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"त्याला मराठी येतं?"

"नाही."

"मग चूक नाही हे त्याला कुणी सांगितलं?"

"आई, तो त्या प्रोग्रामचा मालक... म्हणजे मालक नाही, पण तसाच."

"संपादकही पहिल्या पत्राला नाहीच म्हणतात," आई म्हणाली. तिने वर्तमानपत्रांना आयुष्यभर पत्रं पाठवली होती, ती अनुभवाने बोलत होती. "दुसऱ्या पत्राला ऐकतात. पण दुसरं पत्र नीट लिहावं लागतं. ज्याने हे अक्षर जन्मात पाहिलं नाही त्याला तू काय सांगणार? घे लिहून."

आणि तिने सांगितलं. मेथीची पानं खुडत, एकदाही न अडखळता. मी जमेल तसं इंग्रजी करत गेले. महोदय, आमचा र दोन वेशांत येतो. एकदा टोपी घालून, एकदा मिशी लावून. ही दोन वेगळी माणसं आहेत. आमच्याकडे मिशीवाला आला होता. तुम्ही त्याची मिशी भादरून त्याला टोपी घातलीत. आता त्याला त्याच्या घरचे ओळखत नाहीत. सोबत फोटो जोडत आहे. फोटो मॉनिटरचा होता, लाल गोलासकट. मला पाठवताना लाज वाटत होती. जगभरचे हुशार लोक वाचणार आणि त्यात ही मिशी. "महोदय तरी काढू का?" मी विचारलं. आई म्हणाली, रीत सोडायची नाही.

मार्टिनने बग पुन्हा उघडला. त्याचं नावही बदललं. त्या दिवसापासून तो जगभर मिशीचा बग झाला. ब्राझीलमधली एक मुलगी मधूनमधून विचारायची, मिशीचं कुठवर आलं? लखनौवाल्याने प्रामाणिकपणे लिहिलं की हिंदीत अशी मिशी नसते, आपल्याला माहीत नव्हतं. काही दिवसांनी मार्टिनने पाटीची नवी चाचणी-आवृत्ती पाठवली आणि विचारलं, आता बघा, घरचे ओळखतात का?

रविवार होता. ग्लेनिस आमच्याकडे येसर खायला आली होती आणि येताना बोंबील घेऊन आली होती, त्यामुळे पप्पा तव्यापासून हलत नव्हते. बाहेरच्या खोलीत आमचा घरचा कॉम्प्युटर होता. मी चाचणी-आवृत्ती चढवली आणि शेळी उघडली. पांढऱ्या. मिशी जागच्या जागी. दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यात, सगळीकडे मिशा.

"झकास," ग्लेनिस म्हणाली. "आता माझी उघड ना."

मी उघडली. ती वाचू लागली आणि थांबली. विमान वगैरे काही नव्हतं.

"अगं मित्रा, तुझ्या मार्टिनने आमचा दर्या डोंगरात नेऊन ठेवला."

पहिलं वाक्य होतं, सकाळी दर्या शांत होता. पडद्यावर होतं, सकाळी दऱ्या शांत होता. खालच्या ओळीत सूर्य उगवत होता, त्यालाही मिशी फुटली होती. मार्टिनने सरसकट सगळ्यांना मिशा लावून दिल्या होत्या. मराठी म्हटलं की र ला मिशी, टोपी कुणालाच नाही.

"वाट लागली," ग्लेनिस म्हणाली. "माझे पप्पा आता बोट घेऊन सह्याद्रीत जाणार." ती हसत होती, पण पडद्यावरून नजर काढत नव्हती.

मी तिथल्या तिथे मार्टिनला कळवलं. तोही त्याच्याकडची सकाळ असल्याने जागेवरच होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नवी आवृत्ती बाहेर पडायला थोडेच दिवस उरलेत. तुमच्या शब्दांमध्ये मिशीवाले पुष्कळ आहेत, टोपीवाले थोडे. आता हे असंच जाऊ द्या, टोपीचं पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती म्हणजे उन्हाळा. समितीच्या बाई येणार होत्या दिवाळीआधी.

मी शेळीची गोष्ट वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. तिच्यात टोपीवाला र एकही नव्हता. शेळी सूर्याकडे बघतच नव्हती, तिचं सगळं लक्ष कोथिंबिरीवर होतं. म्हणजे आईची गोष्ट पूर्ण बरोबर होती. पोरं उद्यापासून वाचू शकत होती, बाई आल्या की बघू शकत होत्या, कॉम्प्युटर खाली राहू शकत होते. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं.

ग्लेनिसच आधी बोलली. "आंटी, माझी गोष्ट काढून टाका ना. आधी शाळेचं होऊ दे. उन्हाळ्यात घालू परत, त्यात काय."

"का काढायची?" आईने विचारलं.

"चुकीची दिसते म्हणून."

"तुझ्या वडिलांचं घर ज्याच्यावर चालतं तो शब्द चुकीचा छापायचा, नाहीतर गाळायचा. आणि माझी शेळी तेवढी मिरवत फिरणार. हे मला नाही जमायचं."

"बाई," पप्पा तव्याजवळून म्हणाले. आईला तेही तिच्या पोरांसारखं बाईच म्हणत, चिडवायला, पण या वेळी चिडवत नव्हते. "मग मशिनी वर जातील."

"जाऊ देत," आई म्हणाली. तिच्या आवाजावरून तिला ते किती नको होतं हे आम्हा सगळ्यांना कळलं. ती आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात विमान आलं आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आई विमानासाठी थांबली. विमान गेलं तरी तिने वाक्य पुरं केलं नाही. मला तिची इतकी दया आली की मी उठून खिडकीत जाऊन उभी राहिले.

पप्पांनी बोंबील उलटले आणि हात पुसत बाहेर आले.

"मित्रा, मिशी जाते कधी?"

"म्हणजे?"

"तू टाईप करतेस तेव्हा असते?"

"हो. टाईप करताना बरोबर दिसते."

"मग?"

"मग गोष्ट उघडली की नसते. जुन्या पाटीत."

"मधे काय केलंस?"

"काही नाही. सेव्ह."

"काही नाही कसं, सेव्ह केलंस ना. सेव्ह केल्यावर, उघडायच्या आधी, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं, मार्टिननेही नाही. "डेपोतून निघताना गाडीला आरसा आहे आणि स्टॉपवर आली तेव्हा नाही, तर स्टॉपवरच्या माणसाला काय विचारायचं? वाटेत गेला तो."

ग्लेनिस आधीच खुर्चीवर बसली होती. तिने जुनी पाटी उघडली, पांढऱ्या हा एकच शब्द टाईप केला, मिशी होती. सेव्ह केला. मग पाटी बाजूला ठेवून ती फाइल साध्या पानावर उघडली. मिशी नव्हती. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती पाटीच्या आत शिरली, सेव्ह होताना काय काय घडतं ते एकेक ओळ वाचत. आमटी निवत होती आणि आईने तिला हाक मारली नाही, यावरून काय ते समजा. थोड्या वेळाने ग्लेनिसने मान वर केली.

"झाडू आहे इथे," ती म्हणाली.

झाडूच होता. कॉम्प्युटरच्या लेखी मिशीवाला र म्हणजे खाली टिंब दिलेला र. ते टिंब आपल्याला दिसत नाही, त्याचीच पुढे मिशी होते. आणि हिंदीत काही लोक ज, फ अशा अक्षरांखाली टिंब देतात, काही देत नाहीत, त्यामुळे शब्द शोधताना सापडत नाहीत. म्हणून पूर्वी कुणीतरी सेव्ह करताना अक्षरांखालची सगळी टिंबं झाडून टाकायची सोय केली होती. त्याचा हेतू चांगला होता. आमची मिशी त्याच्या केरात गेली. मार्टिन बघत होता ती फाइल झाडू फिरल्यानंतरची होती, म्हणून त्याला चूक दिसत नव्हती, आणि त्याच्या जागी तो बरोबरही होता.

आम्ही दोघींनी मिळून जेवायच्या आधी लिहिलं. या वेळी महोदय वगैरे काही नाही. हा शब्द टाईप करा, मिशी दिसेल. सेव्ह करा. फाइल नुसती उघडून बघा, मिशी गेली. झाडू अमुक ठिकाणी आहे. मराठीसाठी तो थांबवा आणि तुम्ही लावलेल्या सरसकट मिशा काढा. ज्याची मिशी त्याने लावून यावी, ज्याची टोपी त्याने घालून यावी, तुम्ही फक्त कुणाचं काही काढू नका. शेवटचं वाक्य आईचं होतं, ते मी घातलंच.

आम्ही ताटावरून उठेपर्यंत मार्टिनचं उत्तर आलं होतं. आम्ही टिंबाला कचरा समजलो, माफ करा. झाडू थांबवला आहे, हे याच आवृत्तीत जाईल. आणि त्याने एक गोष्ट मागितली. असं पुन्हा होऊ नये म्हणून पाटीत एक तपासणीचं वाक्य ठेवायचं होतं, मिशी आणि टोपी दोन्ही असलेलं. पुढे कुणीही पाटीत काहीही बदललं की मशीन आपण होऊन आधी ते वाक्य सेव्ह करून उघडून बघणार आणि एक रेघ जरी हलली तरी बदल नाकारणार.

आईने डोळे मिटले. "पांढऱ्या शेळीने पहिल्यांदा दर्या पाहिला."

"शेळी मढला आली कशी, आंटी?"

"फेरीने. तुझ्यासारखी."

दिवाळीआधी नवी पाटी आली आणि मी दोन्ही गोष्टी तिच्यात पुन्हा टाईप केल्या. समितीच्या बाई आल्या तेव्हा आईचा वर्ग मशीनसमोर धक्काबुक्की करत बसला होता. त्यांनी एका मुलीला विचारलं, काय वाचतेस? तिने पडद्यावर बोट ठेवून त्यांना नीट समजावून सांगितलं की ही मिशी आहे आणि ही टोपी, आणि हे दोघं वेगळे. बाईंनी आधी पडद्याकडे आणि मग आईकडे बघितलं. त्यांनी मनापासून मान डोलावली. कॉम्प्युटर खालीच राहिले. त्या गेल्यावर आईने कपाटातून स्पिरिट काढलं, कापूस बुडवला आणि मॉनिटरवरचा लाल गोल पुसायला घेतला. मार्कर वाळून पक्का झाला होता, तिला जोर लावावा लागला. मी दारात उभी राहून बघत होते. आपली लाल खूण तिने मागे घेतलेली मी तेवढी एकदाच पाहिली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि, सांगायला हरकत नाही, स्वतःचाही.

आता माझे केस पांढरे झालेत. आई नाही, पप्पाही नाहीत. मार्टिन केव्हाच पाटीतून निवृत्त झाला. ग्लेनिस अजून आत शिरून बघते आणि अजून मला शिव्या घालते. आलेले बग तपासून उघडायचे की बंद करायचे हे ठरवणाऱ्यांत आता मी आहे. परवा एका नव्या मुलाचा बग आला. तो कुठल्या देशातला ते मला माहीत नाही, हुशार आहे एवढं नक्की. त्याने पाटीत एक चांगला, मोठा बदल केला होता आणि मशीन तो घेत नव्हतं. त्याने लिहिलं होतं, आत एक जुनं, निरर्थक वाक्य आहे, त्यामुळे सगळं अडतंय. भाषांतर करून बघितलं, शेळी समुद्र बघते असं काहीतरी निघालं. हे काढून टाकावं.

मी त्याचा बदल चालवून बघितला. पडद्यावर बाकी सगळ्या तपासण्यांसमोर हिरव्या खुणा होत्या, आणि खाली एका ओळीसमोर लाल खूण होती. त्या ओळीत शेळीची मिशी गेली होती. आईची आठवण आली आणि वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. ती अजून तपासत होती.

मग मी बग बंद केला. कारण विचारतात तिथे लिहिलं, चूक वाक्यात नाही. शेळी आमची आहे, दर्या ग्लेनिसचा आहे, आणि तुमच्या बदलात कुठेतरी पुन्हा झाडू आला आहे. तो शोधा. हे सुधारेपर्यंत कुणी याला हात लावणार नाही.